अर्ध्याहून जास्त, पुऱ्याहून कमी

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातल्या पाणवठ्यांवर माणसे मचाणावर जागी असतात. मोहर्लीच्या बाजूला दुपार कलायच्या आतच वनरक्षक आणि हौशी निसर्गप्रेमी मचाणावर चढतात. सोबत पाणी, फराळ, दुर्बीण आणि नोंदीचा कागद. खाली उतरायचे ते दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. एकेकाळी याला सरळ प्राणिगणना म्हणत. पण एकच चितळ दोनदा पाण्यावर आले तर दोनदा मोजले जाते आणि जे आलेच नाही ते सुटते. वाघांची मोजणी म्हणून आता कॅमेरा ट्रॅपच्या भरवशावर चालते आणि बुद्धपौर्णिमेच्या या रात्रीला वनखाते ‘निसर्गानुभव’ म्हणते. नाव बदलले, तिथी मात्र तीच राहिली.

वैशाखच का, याचे उत्तर सोपे आहे. बोड्या, म्हणजे लहान तळी, आटलेल्या असतात, नाले कोरडे पडलेले असतात. उरलेल्या थोड्या पाण्यावर जनावराला यावेच लागते. पौर्णिमाच का, याचेही उत्तर कुणीही देईल: उजेडासाठी. पण इथे जरा थांबायला हवे. चार दिवस आधी, एकादशीला, चंद्राचे बिंब पाऊण भागाहून जास्त भरलेले असते. त्रयोदशीला तर वर पाहणाऱ्याला तो जवळजवळ गोलच वाटतो. त्या रात्रीही मचाणावरून बरेच दिसायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. अर्ध्याहून जास्त आणि पुऱ्याहून कमी भरलेला हा चंद्र डोळ्यांना बराच फसवतो.

इंग्रजीत या आकारासाठी एक स्वतंत्र विशेषण आहे: गिबस. उच्चार ‘जिबस’ नव्हे. सुरुवातीला कठोर ‘ग’. शब्दाचे मूळ लॅटिन ‘गिब्बुस’मध्ये, आणि गिब्बुस म्हणजे कुबड. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘गिब्बोसुस’, म्हणजे कुबड असलेला, असे विशेषण झाले आणि चौदाव्या शतकात ते इंग्रजीत आले. पाठीला पोक आलेला माणूस, उंटाची पाठ, कुठलाही फुगीर बहिर्गोल भाग अशा सगळ्यांना ते लागू होत असे. आज इंग्रजी बोलणारा सामान्य माणूस हा शब्द ऐकतो तो जवळपास फक्त चंद्राच्या संदर्भात, आणि पुष्कळांना तोही ठाऊक नसतो.

चंद्राला कुबड कुठून आले? बीज-तीजेच्या कोरीत उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमा आत वळलेली असते. अष्टमीला ती सरळ रेषेसारखी दिसते. अष्टमी सरली की तीच रेषा बाहेरच्या अंगाला फुगू लागते, आणि रोज थोडी थोडी फुगत पौर्णिमेला बिंबाच्या कडेला जाऊन मिळते. भूमितीच्या भाषेत ही सीमा म्हणजे अर्धे लंबवर्तुळ, कारण चंद्रगोलाला वेढणारे उजेड-अंधाराचे वर्तुळ पृथ्वीवरून तिरके दिसते. ज्याने पहिल्यांदा तिला कुबड म्हटले त्याने अष्टमीची सरळ पाठ डोळ्यांसमोर ठेवली असणार. ग्रीकांची नजर अधिक नेमकी होती. त्यांचा शब्द ‘ॲम्फिकिर्टोस’, म्हणजे दोन्ही अंगांनी फुगलेला. इंग्रजीने मात्र लॅटिन कुबडच पत्करले.

कुबडाच्या बाबतीत मराठी अधिक काटेकोर आहे. माणसाचे ते कुबड, बैलाचे वशिंड, उंटाची मदार. आणि शरीराच्या अंगानेही ही तिन्ही वेगळीच आहेत. बैलाचे वशिंड स्नायू आणि चरबीचे, उंटाची मदार चरबीचा साठा. ताडोबात दिसणाऱ्या रानगव्याच्या पाठीवरचा उंचवटा तर या दोन्हींत बसत नाही. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जाऊन एकदम उतरणारा तो कंगोरा पाठीच्या मणक्यांवरचे हाडांचे काटे लांब वाढल्यामुळे बनतो. त्याच्या आत वशिंडासारखा मऊ गोळा नसतो. गव्याला पाठमोरा पाहिला तर तो कंगोरा कळत नाही, बाजूने पाहिला की सगळी ताकद तिथेच असल्यासारखी वाटते. जुन्या इंग्रजी प्राणिवर्णनांच्या हिशेबाने गवा, बैल, उंट सगळेच गिबस.

शरीरशास्त्रातून हा शब्द वैद्यकात गेला आणि तिथे तो अजून जिवंत आहे. पाठीच्या मणक्याचा क्षयरोग अंगावर काढला तर मणक्यांचा पुढचा भाग झिजून ढासळतो, कणा पुढे मोडतो आणि मागे टोकदार उंचवटा येतो. इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७९ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो पॉटचा आजार. मागच्या उंचवट्याला डॉक्टर आजही ‘गिबस’च म्हणतात, इथे ते नाम आहे, स्पेलिंग थोडे वेगळे, उच्चार तोच. गंमत अशी की हा उंचवटा गोल नसून कोनासारखा असतो. गोलाईसाठी ओळखला जाणारा शब्द कोनाला चिकटून राहिला आहे, आणि अस्थिरोगतज्ज्ञांना त्याचे काहीच वाटत नाही.

वनस्पतिशास्त्रात फुलाच्या नळीला किंवा पाकळीला एकाच बाजूने फुगवटा असेल तर तिला गिबस म्हणतात. लिनीयसने १७५३ मध्ये युट्रिक्युलेरिया गिबा हे नाव दिले ते अशाच फुगवट्यावरून. कोकण-सह्याद्रीत ‘सीतेची आसवे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या गोत्यातली ही वनस्पती, पण हिची फुले पिवळी, आणि ती साचलेल्या पाण्यात वाढते. पाण्यातल्या बारीक फुग्यांनी सूक्ष्म जीव ओढून घेऊन खाते. २०१३ मध्ये तिच्या जनुकसंचाची मांडणी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जीवशास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या: सगळा संच अवघ्या ८ कोटी २० लाख अक्षरजोड्यांचा, माणसाच्या तीनशे कोटींच्या तुलनेत किरकोळ, तरीही त्यात सुमारे साडेअठ्ठावीस हजार जनुके. नावात कुबड, पण अंगात फालतू काही नाही. जनुकांमधली जी मोकळी जागा इतर सजीवांत ऐसपैस पसरलेली असते ती हिने जवळजवळ पुसून टाकली आहे.

आता पुन्हा चंद्राकडे.

कोरीला मराठीत चंद्रकोर हे लाडके नाव आहे. ती कपाळावर टिकली होऊन बसते, शंकराच्या जटेत असते, लहान मुलांच्या चित्रात असते, देशांच्या झेंड्यांवर असते. पौर्णिमेचे कौतुक तर सांगायलाच नको. तिच्या नावावर सणच सण आहेत. अर्ध्याहून जास्त आणि पुऱ्याहून कमी चंद्राला मात्र बोलीत नाव नाही आणि चित्रात जागा नाही. वास्तविक हाच चंद्र सर्वात जास्त दिवस दिसतो. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. त्यातले निम्मे, म्हणजे पावणेपंधरा दिवस, चंद्र गिबस असतो: शुद्ध अष्टमीच्या मध्यापासून वद्य अष्टमीच्या मध्यापर्यंत, मधला पौर्णिमेचा क्षण तेवढा वगळून. शिवाय कोर संध्याकाळी थोडा वेळ किंवा पहाटे थोडा वेळ दिसते, हा मात्र रात्रीचा मोठा भाग आकाशात असतो. महिनाभर कुणी रोज रात्री दहा वाजता वर पाहिले आणि चंद्र दिसला, तर बहुतेक वेळा तो हाच असेल.

मराठी माणसाला या आकाराचे नाव लागले नाही, कारण त्याच्याकडे तिथी होती. तिथी म्हणजे निव्वळ दिवस नव्हे. ते कोनाचे माप आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. तीस तिथी म्हणजे ३६० अंश. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्याने तिथी कधी एकोणीस तासांत संपते, कधी सव्वीस तास रेंगाळते, आणि पंचांगातले क्षय-वृद्धीचे सगळे घोळ त्यातून येतात. पण आकार सांगायला याहून नेमके साधन सापडणे अवघड. शुद्ध अष्टमी ८४ अंशांवर सुरू होते आणि ९६ वर संपते. म्हणजे चंद्र बरोबर अर्धा होण्याचा क्षण, ९० अंश, अष्टमीच्या नेमका पोटात येतो. ‘एकादशीचा चंद्र’ म्हटले की बिंबाचा ७५ ते ८३ टक्के भाग उजळलेला आहे हे ठरूनच जाते. इंग्रजीतले गिबस ५१ टक्क्यांनाही तेच आणि ९९ टक्क्यांनाही तेच.

सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या दहाव्या अधिकारात हे गणित आले आहे. त्या अधिकाराचे नाव शृंगोन्नती, म्हणजे चंद्राची शिंगे किती वर उचललेली आहेत त्याचा हिशेब. नावावरूनच कळते की जुन्या ज्योतिषांचा जीवही कोरीतच अडकला होता. उजळ भाग काढायची रीत त्यात त्रैराशिकाची आहे: सूर्यचंद्रांमधले अंतर कलांमध्ये (एका अंशाच्या साठ कला) घ्या आणि ९०० ने भागा, पौर्णिमेला उत्तर बरोबर बारा येते, बिंब बारा अंगुळे मानले की काम झाले. कामचलाऊ म्हणून ही रीत छान आहे, पण खरा उजळ भाग सरळ प्रमाणात वाढत नाही. एकादशीच्या शेवटी ती ७३ टक्के सांगते, प्रत्यक्षात ८३ टक्के भरलेले असतात. चंद्र अष्टमीच्या आसपास झपाट्याने फुगतो आणि पौर्णिमेजवळ रेंगाळतो. त्रयोदशी, चतुर्दशी आणि पौर्णिमा यांच्यात नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही तो यामुळेच.

चंद्रपूरला या विषयाचे वावडे असायचे कारण नाही. इंग्रजी अमदानीत हा चांदा जिल्हा. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात त्याचे चंद्रपूर झाले आणि १९८२ मध्ये पूर्वेकडचा भाग तोडून गडचिरोली वेगळा निघाला. झरपट नदीकाठी फार पूर्वी इंदुपूर नावाचे नगर होते, इंदू म्हणजे चंद्र, अशी आख्यायिका गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. जिल्ह्याच्या नावात चंद्र आणि त्याच्या जंगलातल्या नदीचे नाव अंधारी. नावे ठेवणाऱ्यांनी हिशेब चोख ठेवला म्हणायचा.

मचाणाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नावात नाही, चंद्रावरच्या धुळीत आहे. अष्टमीला बिंब अर्धे उजळलेले असते, म्हणून उजेडही पौर्णिमेच्या अर्धा असावा, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात अष्टमीचा चंद्र पौर्णिमेच्या जेमतेम एक-अकरांश उजेड देतो. त्रयोदशीला बिंब नव्वद टक्क्यांहून जास्त भरलेले, पण उजेड पौर्णिमेच्या निम्म्याच्या आसपास. एकादशीला तर तो चौथा हिस्साही धड भरत नाही. शेवटच्या दोन दिवसांत, जेव्हा आकारात काहीच बदलत नाहीसे वाटते, तेव्हाच उजेड दुप्पट होतो.

याचे कारण सावल्या. चंद्राचा पृष्ठभाग भुसभुशीत धुळीचा आणि खडबडीत खडकांचा आहे. ऊन तिरके पडले की प्रत्येक कणाची, प्रत्येक दगडाची, प्रत्येक विवराच्या कडेची सावली शेजारच्या जागेवर पडते आणि तेवढी जागा काळवंडते. धान कापून नेलेल्या शेतात हे नेहमी पाहायला मिळते: सूर्य पाठीशी ठेवून धसकटांकडे पाहिले तर सगळी बांधी पिवळीधमक दिसते, तोंड सूर्याकडे केले की तीच बांधी करडी होते, कारण आता प्रत्येक धसकटाची सावली समोर येते. पौर्णिमेला सूर्य पृथ्वीच्या पाठीशी असतो. चंद्रावरच्या साऱ्या सावल्या आपापल्या वस्तूंच्या मागे दडतात आणि बिंब एकाएकी भडक होते. शिवाय बारीक कणांमध्ये शिरून परतणारे प्रकाशकिरण नेमके आल्या दिशेने एकमेकांना बळ देतात, त्याचाही यात वाटा आहे. गिबस चंद्राच्या बाबतीत यातले काही होत नाही. त्याच्या कुबडाच्या कडेला तर सावल्यांचा नुसता चिखल असतो. दुर्बिणीतून डोंगर आणि विवरे पाहणारे हौशी खगोलप्रेमी पौर्णिमा टाळून याच दिवसांत चंद्र पाहतात, ते या लांब सावल्यांसाठी. एकाला उजेड हवा, दुसऱ्याला सावली. तिथी ठरवताना दोघांचे जमणे कठीण.

पौर्णिमेचा उजेड तरी केवढा? स्वच्छ आकाशात साधारण पाव लक्स. घरातल्या साध्या दिव्याच्या शेकडो पट कमी. एवढ्याने माणसाला आकार आणि हालचाल कळते, रंग कळत नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी इतक्या कमी प्रकाशात जवळजवळ कामच करत नाहीत. पाण्यावर आलेला वाघ मचाणावरून केशरी दिसला, असे कुणी सांगितले तर त्याने तो टॉर्चमध्ये तरी पाहिला किंवा मनात तरी. हाच उजेड अकरांशावर आला तर खाली काहीतरी हलले एवढेच कळेल. वाघाची गोष्ट निराळी. त्याच्या डोळ्यांच्या मागे परावर्तक पडदा असतो, एकदा निसटलेला प्रकाश तो पुन्हा दृष्टिपटलावर टाकतो, आणि अष्टमी त्याला पुरते.

उजेड किती, याइतकेच तो कधी, हेही महत्त्वाचे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्य मावळतानाच वर येतो आणि पहाटेपर्यंत साथ देतो; मध्ये अंधाराला फटच नाही. शुद्ध एकादशीचा चंद्र दुपारीच उगवलेला असतो, तिन्हीसांजेला तो चांगला वर असतो, पण पहाटे तीनच्या सुमारास मावळतो आणि पुढचे दोन-अडीच तास काळोख. वद्य चतुर्थीला याच्या उलटे: सूर्य मावळल्यावर दोनेक तास मिट्ट काळोख, मग चंद्र उगवणार आणि सकाळी ऊन पडल्यावरही पश्चिमेला फिकट दिसत राहणार. चैत्रात मोहाची फुले गळायला लागली की गावे पहाटेच जंगलात निघतात. फुले रात्री आणि भल्या पहाटे गळतात, आणि उशीर केला तर जनावरे खाऊन जातात, अस्वलांना तर मोह फारच प्रिय. वद्य पक्षाच्या पहिल्या आठवड्यात वेचणाऱ्यांच्या डोक्यावर चंद्र असतो, शुद्ध पक्षाच्या एकादशी-द्वादशीला त्याच वेळी अंधार. दोन्ही चंद्र इंग्रजीत गिबस. पहाटे सहाच्या आत घराबाहेर पडणाऱ्या बाईला त्यांतला फरक आकारावरून सांगायची गरज नाही.

टांझानियात या फरकाचा हिशेब मांडला गेला आहे. मिनेसोटा विद्यापीठातले सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ ते २००९ या काळातल्या, खेडुतांवर झालेल्या सुमारे पाचशे सिंहहल्ल्यांच्या तारखा चंद्राच्या कलांशी ताडून पाहिल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वाधिक हल्ले पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, अंधार पडल्यावरच्या पहिल्या काही तासांत झाले होते, म्हणजे नेमके वद्य पक्षातला फुगीर चंद्र उगवायच्या आधी. लख्ख चांदण्यात सिंहांना शिकार नीट साधत नाही, ते उपाशी राहतात; आणि पौर्णिमा उलटली की संध्याकाळी माणसे अजून बाहेर असतानाच काळोख परत येतो.

हा निष्कर्ष उचलून चंद्रपूरवर ठेवण्याचा मोह टाळायला हवा. इथले वाघाचे हल्ले बहुतांशी दिवसाउजेडी होतात, मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपण आणायला किंवा गुरे चारायला गेलेल्या माणसांवर. वाकून फुले वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असे वनकर्मचारी सांगतात. तिथे चंद्राच्या कलेचा संबंध लावणे म्हणजे खऱ्या कारणावरून नजर हटवणे. टांझानियाच्या कामातून घ्यायचे ते एवढेच: पौर्णिमेच्या आधीचा आणि नंतरचा चंद्र आकाराने सारखा असला तरी जंगलाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या रात्री आहेत.

वद्य पक्षातला हा चंद्र मराठी घरांना तसा अपरिचित नाही, फक्त त्याच्याकडे आकार म्हणून कुणी पाहत नाही. संकष्टीचा उपास त्याला पाहून सुटतो. वद्य चतुर्थीला सूर्यचंद्रांमधले अंतर २१६ ते २२८ अंश असते. म्हणजे बिंब ८३ ते ९० टक्के भरलेले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवशीची चंद्रोदयाची वेळ गावोगावसाठी वेगवेगळी छापलेली असते, आणि पूर्वेकडच्या विदर्भाला ती मुंबईहून सुमारे पंचवीस मिनिटे आधी मिळते. भुकेल्या पोटाला पंचवीस मिनिटे थोडी नव्हेत. या चतुर्थीला चंद्र पाहायचा, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मात्र पाहायचा नाही. गणपतीच्या गोलमटोल पोटाला हसल्याबद्दल त्याला शाप मिळाला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ती भूमिती. शुद्ध चतुर्थीला उजळते ती कोर आणि वद्य चतुर्थीला अंधारात गेलेला तुकडा हे दोन्ही एकाच बाजूचे आणि एकाच मापाचे असतात, कारण चंद्राची जी कड आधी उजळते तीच पौर्णिमेनंतर आधी काळवंडते. विनायकीची कोर संकष्टीच्या चंद्रात बरोबर बसते. दोन्ही मिळून पूर्ण बिंब होते.

संकष्टीला चंद्र क्षितिजावर येताना पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते: त्याचा चेपलेला भाग वरच्या अंगाला असतो. सूर्य त्या वेळी क्षितिजाखाली असतो, म्हणून उजळ कड खाली. शुद्ध एकादशीला दुपारी उगवणाऱ्या चंद्राचे नेमके उलटे. सूर्य पश्चिमेला वर असल्याने चंद्राची भरीव कड वर आणि उणा भाग खाली. चित्रकार मंडळी ढगाआडून डोकावणारा चंद्र रंगवताना हे हमखास चुकवतात.

गिबस हा शब्द चंद्राबाहेर एकदाच मोठ्या कामी आला, आणि तेव्हा त्याने विश्वाचा एक नकाशा मोडला. टॉलेमीच्या व्यवस्थेत शुक्र सदैव पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये राहतो. तसे असेल तर त्याची उजळ बाजू बहुतांशी पलीकडे असणार, आणि दुर्बिणीतून तो कोरीसारखाच दिसणार. अर्ध्याहून जास्त भरलेला कधीच नाही. १६१० च्या उत्तरार्धात गॅलिलिओने महिनोन्‌महिने शुक्र पाहिला. आधी तो लहान आणि जवळजवळ गोल होता, मग फुगीर, डिसेंबरात अर्धा, आणि त्यानंतर मोठी कोर. फुगीर शुक्र दिसला याचा अर्थ तो सूर्याच्या पलीकडे जातो, म्हणजे सूर्याभोवती फिरतो. यावरून कोपर्निकस बरोबर ठरला, असे शाळेत सांगतात ते थोडे घाईचे आहे. ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, ही टायको ब्राहेची मांडणीही हे सगळे निभावून नेत होती. पण टॉलेमी त्या हिवाळ्यात संपला. मंगळाचे तर आणखी निराळे. तो पृथ्वीच्या कक्षेबाहेर असल्याने त्याची कोर कधीच होत नाही, अर्धाही होत नाही. फार तर ८४ टक्क्यांपर्यंत उतरतो. मंगळाला दोनच रूपे, पूर्ण आणि गिबस.

आणि पृथ्वी? चंद्रावरून पाहिले तर तिच्याही कला होतात, चंद्राच्या बरोबर उलट्या. इथे कोर दिसत असेल तेव्हा तिथून पृथ्वी फुगीर दिसते. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून विल्यम अँडर्स यांनी टिपलेले ‘अर्थराइज’ हे छायाचित्र जगभर लाखो भिंतींवर लागले. चंद्राच्या करड्या क्षितिजावर वर येणारी निळी पृथ्वी त्यात पूर्ण गोल नाही. ती गिबस आहे. त्या संध्याकाळी विदर्भातून चंद्राची कोर दिसत होती. छायाचित्र घेतले तेव्हा भारतात रात्रीचे दहा वाजून गेले होते, त्यामुळे मोहर्ली, इरई नदीचा काठ, ताडोबाचे तळे, सगळेच पृथ्वीच्या उजळलेल्या भागाबाहेर, रात्रीच्या बाजूला होते.